‘दिवे लावण्या’चा प्रश्न : अधिछात्रवृत्तीची लढाई आणि आपले संशोधन

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला. राज्यभर संताप झाला, मग सारवासारवही झाली. शब्दांचा वाद आठवडाभरात विरला, पण त्या शब्दांमागचे धोरण तसेच राहिले. संशोधन म्हणजे सरकारी पैशावरचा रिकामा उद्योग, आणि समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्रातले संशोधन तर अगदीच रिकामे, असा तो दृष्टिकोन आहे.

या सवालाला आपण दोन पातळ्यांवर उत्तर दिले पाहिजे. पहिले उत्तर सरकारला : अधिछात्रवृत्ती हा उपकार नाही. दुसरे उत्तर स्वतःला : ती मिळाल्यावर आपण नेमके कशावर संशोधन करतो? पहिल्या उत्तरासाठी आपली मुले-मुली आझाद मैदानात महिनोन्महिने बसली. दुसऱ्या प्रश्नावर मात्र आपल्यात पुरेशी चर्चा होत नाही. हा लेख दोन्हींबद्दल आहे.

मैदानात गेलेली वर्षे

बार्टीच्या अधिछात्रवृत्तीचा अलीकडचा इतिहास अर्जापेक्षा आंदोलनांनीच भरलेला आहे. २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांना सरसकट अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून २०२३ मध्ये आझाद मैदानात दीर्घ आंदोलन करावे लागले. त्यानंतर ‘समान धोरणा’च्या नावाखाली बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांना वर्षाला २०० जागांची मर्यादा घातली गेली. वरवर पाहता हे समतेचे वाटते. पण पात्र विद्यार्थी किती, त्यांची पार्श्वभूमी काय, याचा विचार न करता सगळ्यांना एकच आकडा लावणे ही समता नव्हे, ती कपात आहे.

मग चाळणी परीक्षा आली. २४ डिसेंबर २०२३ ला झालेल्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेतलीच प्रश्नपत्रिका दिल्याचे उघड झाले. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घेतली, तिच्यावरही प्रश्नपत्रिकेच्या पाकिटांबद्दल तक्रारी होऊन विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. २०२२ च्या तुकडीला आधी निम्मीच रक्कम देण्याचा निर्णय झाला आणि पूर्ण रकमेसाठी पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले.

यात पैशांपेक्षा मोठे नुकसान वेळेचे झाले. पीएच.डी.ची पहिली दोन वर्षे सर्वात महत्त्वाची असतात. वाचन, विषयाची मांडणी, क्षेत्राची ओळख, सगळे त्याच काळात होते. नेमकी तीच वर्षे आपल्या संशोधकांनी निवेदने लिहिण्यात, मंत्रालयाच्या पायऱ्या चढण्यात आणि उपोषणाच्या मंडपात घालवली. ज्याच्या घरी दोन पगार येतात तो विद्यार्थी तोपर्यंत दोन प्रकरणे लिहून मोकळा झाला. स्पर्धा अशी चालते.

पैसा थांबला की काय होते

बाबासाहेबांच्या शिक्षणाची कथा आपण जयंतीला सांगतो, पण तिच्यातला एक भाग बहुधा गाळतो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला पोचले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. जगातल्या एका असामान्य विद्यार्थ्याचीही काही वर्षे शिष्यवृत्ती संपल्यामुळे गेली.

शंभर वर्षांनंतर हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाची सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती, म्हणजे पावणेदोन लाख रुपये, थकलेली होती. १७ जानेवारी २०१६ ला त्याने जीवन संपवले, तेव्हा शेवटच्या पत्रातही या थकलेल्या रकमेचा उल्लेख होता. निलंबन, सामाजिक बहिष्कार आणि अडवलेला पैसा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्याच वर्षी १४ एप्रिलला त्याची आई राधिका आणि भाऊ राजा यांनी मुंबईत बौद्ध धम्म स्वीकारला. म्हणून अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळणे हा कारकुनी मुद्दा समजू नये.

केंद्राच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीत अनुसूचित जातींसाठी वर्षाला २००० जागा आहेत आणि त्यातल्या १५०० मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी आहेत. म्हणजे कागदावर आपल्या विषयांना जागा आहे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची रक्कम दरमहा ३७,००० आणि वरिष्ठाची ४२,००० रुपये झाली. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून धम्मात आलेले बौद्धही या योजनेचे हक्कदार आहेत. हे सारे झगडून मिळवलेले आहे. कागदावरचा हा हक्क बँकेच्या खात्यात वेळेवर उतरतो का, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय समाजावर अभ्यास नको?

परदेशी शिक्षणाबाबत तर सरकारने उघडच भूमिका घेतली. १९५४ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक अट घातली गेली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. कारण दिले गेले की असे विषय देशातच शिकता येतात.

या अटीचा अर्थ नीट समजून घ्या. ९ मे १९१६ रोजी पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. सेनार, नेस्फिल्ड, रिस्ले या युरोपीय अभ्यासकांची आणि श्रीधर व्यंकटेश केतकरांची मते तपासून त्यांनी स्वतःचा सिद्धांत मांडला : जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न करण्याची सक्ती, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा ती सक्ती टिकवण्याची साधने. स्त्रीवर ताबा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही, हे एका विद्यार्थ्याने परदेशी वर्गात बसून दाखवून दिले. आज तोच विद्यार्थी तोच विषय घेऊन अर्ज करील, तर या अटीखाली बाद ठरेल.

अभियांत्रिकी, व्यवस्थापन, संगणक यांना पैसा मिळतो, मिळायलाही हवा. पण दलित-बौद्ध तरुणाने परदेशात जाऊन जातिव्यवस्थेवर बोलू नये, ही त्या अटीमागची भीती आहे. म्हणून दिवे लावण्याच्या सवालाला ही अटच एक उत्तर देते. समाजशास्त्राचे संशोधन खरोखरच निरुपयोगी असते, तर त्याला अडवण्याची गरज पडली नसती.

आपण उत्तरदाते, ते अभ्यासक

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. भारतातल्या या विषयाची पायाभरणी ज्यांनी केली ते बहुतेक सवर्ण होते. जातीवर ग्रंथ लिहिले गेले, गावांचे अभ्यास झाले, पण त्यात आपली वस्ती बहुधा गावाच्या नकाशावरची एक खूण होती. प्रश्नावली घेऊन येणारा एक आणि उत्तरे देणारा दुसरा, ही विभागणी अनेक दशके टिकली. प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये नेमका यावरच घाव घातला : भारतीय समाजविज्ञानात सिद्धांत मांडण्याचे काम वरच्यांकडे आणि माहिती पुरवण्याचे काम खालच्यांकडे, अशी वर्णव्यवस्थाच आहे, असे त्यांनी दाखवले.

ही विभागणी मोडली तेव्हा काय घडते याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी कोणत्याही पदवीसाठी नव्हे, तर चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. आंबेडकरी चळवळीचा इतिहास पुरुषांच्या नावांनी संपत नाही, हे त्यानंतर कुणालाही नाकारता आले नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. २००७ मध्ये निष्कर्ष आला : दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी. ‘खासगी क्षेत्रात जात नसते’ हा दावा एका साध्या प्रयोगाने उघडा पडला. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनी दलित स्त्रियांचे शिक्षण आणि तमाशा कलावंत स्त्रियांचे जगणे यांवर संशोधन केले, आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. यांतल्या प्रत्येक कामाने आधी ठामपणे सांगितली जाणारी एखादी गोष्ट खोटी ठरवली.

कपाटातले प्रबंध

आता स्वतःकडे पाहू. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले असतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची शीर्षके अर्धा तास चाळून पाहा. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अमुक विषयक विचार : एक अभ्यास’ या साच्यातले प्रबंध पुन्हापुन्हा दिसतील. शिक्षणविषयक, शेतीविषयक, स्त्रीविषयक, कामगारविषयक. बाबासाहेबांच्या खंडांतले उतारे, त्यांचा सारांश, शेवटी ‘आजही हे विचार प्रासंगिक आहेत’ असा निष्कर्ष. असा प्रबंध लिहायला सोपा, गाईडला तपासायला सोपा आणि विद्यापीठाला पचायला त्याहून सोपा. त्याने कुणाची झोप उडत नाही.

बाबासाहेबांनी स्वतः असे संशोधन केले नाही. त्यांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्था घेतली, रुपयाचा प्रश्न घेतला, आकडे तपासले आणि सत्तेला अडचणीचे निष्कर्ष काढले. त्यांच्या विचारांचा अभ्यास हवाच, पण त्यांची पद्धत वापरणे ही त्यांच्या विचारांना अधिक मोठी मानवंदना आहे.

आणि प्रश्नांचा दुष्काळ तर अजिबात नाही. काही उदाहरणे पाहा.

उपवर्गीकरण : १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय पीठाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. राज्यानेही समिती नेमली. आपल्याकडे या विषयावर सभा झाल्या, पत्रके निघाली, परस्परांवर आरोप झाले. पण महाराष्ट्रात कोणत्या जातीला कोणत्या स्तरावरच्या नोकऱ्या मिळाल्या, त्या मिळालेल्यांच्या पुढच्या पिढीचे काय झाले, मातंग, चर्मकार, बौद्ध यांच्यात आणि बौद्धांतही शहर-खेड्यात किती अंतर आहे, यावर आपला स्वतःचा तपशीलवार अभ्यास कुठे आहे? उद्या समितीपुढे भावना चालणार नाहीत, आकडे लागतील. निष्कर्ष आपल्याला गैरसोयीचा आला तरी तो आपण मांडला पाहिजे.

जनगणना : २०११ मध्ये देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. साक्षरता ८१ टक्क्यांहून जास्त, म्हणजे देशाच्या सरासरीच्या बरीच वर. शिकलेला हा समाज आज कोणत्या कामात आहे? कंत्राटी किती, कायम किती? आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि त्यात जातींची नोंदही होणार आहे. ती आकडेवारी बाहेर येईल तेव्हा ती वाचू शकणारे, तिच्यातल्या चुका पकडू शकणारे किती संशोधक आपल्याकडे तयार असतील?

राखीव मतदारसंघ : महाराष्ट्रात लोकसभेच्या ५ आणि विधानसभेच्या २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथून निवडून गेलेले सदस्य सभागृहात कशावर बोलतात, किती बोलतात, तिकीट कुणाच्या शब्दावर मिळते? सभागृहाचे कामकाज छापील उपलब्ध असते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी ही उघडी खाण आहे.

गायरान : दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनंतर ज्या गावांत जमिनी कसायला घेतल्या गेल्या, त्या आज कुणाच्या नावावर आहेत? सातबारा, तलाठ्याचे दप्तर आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांतून एका तालुक्याचा अभ्यास झाला, तरी तो न्यायालयातही कामी येईल.

लग्न : बाबासाहेबांनी जातीचे मूळ जातीतल्या लग्नात शोधले. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांत लग्ने कशी जुळतात? वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांत पोटजातीचा रकाना अजून आहे का? हा प्रश्न आपल्यालाच टोचणारा आहे, म्हणूनच तो दुसऱ्या कुणी विचारण्याआधी आपण विचारावा.

वाट धरणाऱ्यांसाठी

ज्यांना समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्रात पीएच.डी. करायची आहे, त्यांनी काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. पूर्वी एम.फिल.च्या निमित्ताने संशोधनाची लहान तालीम होत असे. ती पायरी गेली, त्यामुळे ही तालीम एम.ए.च्या लघुप्रबंधातच करून घ्या. पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपण-बालसंगोपन रजा आहे. हे हक्क आहेत, विभागप्रमुखांची मेहरबानी नव्हे.

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापक भरती रखडल्याचा फटका इथे बसतो : प्राध्यापक नाहीत म्हणून गाईड नाहीत, गाईड नाहीत म्हणून जागा नाहीत. अधिछात्रवृत्तीच्या आंदोलनाला प्राध्यापक भरतीची मागणी जोडली नाही, तर पैसा मंजूर होईल आणि नोंदणीच होणार नाही.

२०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देण्याची पद्धत आली. त्यात ७० टक्के वजन नेटला आणि ३० टक्के मुलाखतीला. मुलाखतीतले गुण कुठे आणि कसे कापले जातात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. निकालात लेखी आणि मुलाखतीचे गुण वेगवेगळे मागा, गरज पडली तर माहिती अधिकारात मागा.

गाईड निवडताना त्यांच्या नावामागे किती पदव्या आहेत यापेक्षा त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा. प्रबंध किती वर्षांत झाले, गाईड प्रकरणे वाचून परत देतात का, घरची कामे सांगतात का, विचारा. प्रत्येक प्रकरण ई-मेलने पाठवा, प्रगती अहवालाची पोच ठेवा. उद्या छळाची तक्रार करावी लागली तर तोंडी गोष्टींना किंमत नसते.

आकड्यांची भीती घालवा. समाजशास्त्र म्हणजे फक्त मुलाखती आणि राज्यशास्त्र म्हणजे फक्त विचारवंत, ही समजूत आपल्या विद्यार्थ्यांना मागे ठेवते. जनगणनेचे तक्ते, निवडणुकीचे निकाल, पाहणीची आकडेवारी हाताळायला शिका. प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर अभिमानाने लिहा, पण इंग्रजीत वाचनाची सवय ठेवा, म्हणजे तुमच्या विषयावर जगात काय चालले आहे ते कळेल.

आणि एक कटू गोष्ट. पीएच.डी. म्हणजे नोकरीची हमी नाही. नेट-सेट उत्तीर्ण, डॉक्टरेट झालेले कितीतरी जण आज तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. फक्त नोकरीसाठी पाच-सहा वर्षे देणार असाल तर पुन्हा विचार करा. एखादा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर मात्र नक्की या.

समाजाची जबाबदारी

आपण विहारांना, पुतळ्यांना, जयंतीच्या मिरवणुकांना देणगी देतो. अधिछात्रवृत्ती सहा महिने थकलेल्या संशोधकाला बिनव्याजी उसने देणारा निधी मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. नोकरदार मंडळींनी जिल्ह्याच्या पातळीवर असा निधी उभारला आणि रक्कम आली की परत घेतली, तर एका निधीतून कितीतरी प्रबंध पुरे होतील.

ज्यांची पीएच.डी. झाली आहे, त्यांनी वर्षातून दोन नव्या विद्यार्थ्यांचे आराखडे वाचून द्यावेत. नव्या संशोधकाला पैशाआधी बहुधा याचीच गरज असते, कारण त्याच्या घरात प्रबंध म्हणजे काय हे कुणालाच माहीत नसते. आणि प्रत्येक संशोधकाने प्रबंध सादर केल्यावर वीस पानांचा सोप्या मराठीतला सारांश काढून ज्या वस्तीत, ज्या गावात माहिती गोळा केली तिथल्या विहारात जाऊन वाचून दाखवावा. ज्या माणसांनी आपला वेळ दिला, त्यांना त्याचे काय झाले हे कळलेच पाहिजे. चूक असेल तर तीही तिथेच कळेल.

दिवे लावणार का, या सवालाचे उत्तर आपण घोषणांनी दिले, ते त्या वेळी आवश्यकच होते. आता ते कामातून द्यावे लागेल : उपवर्गीकरणाच्या समितीपुढे ठेवायचा अभ्यास, गायरानाच्या दाव्यात दाखल करायचा अहवाल, २०२७ च्या जनगणनेच्या आकड्यांची आपली चिकित्सा. अधिछात्रवृत्तीचा एकही रुपया सोडू नका, आणि मिळालेल्या एकाही रुपयाचे सोपे संशोधन करू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!